एकाला तीनशे

जुलै २००३. प्रोजेक्टच्या निमित्ताने इंग्लंडला जाऊन मला जेमतेम चार महिने झाले होते. एका सकाळी शेजारच्या टेबलावरचा सहकारी हातात एक छापील यादी घेऊन आला आणि म्हणाला, "काय, ओपनवर काही लावणार का?"

छातीत धस्सच झालं! 'ओपन' हा शब्द मी लालबागच्या चाळीत शिकलो होतो. ओपन, क्लोज, जोडी... हे शब्द आमच्या घरात मोठ्याने बोलायचे नसत. बाबांचे काका, म्हणजे आमचे तात्या, आकडा लावायचे. माईआजीच्या पाटल्या त्यातच गेल्या. (घरची मंडळी हे वाचणार आहेत, माहीत आहे. पण आता तात्याही नाहीत आणि माईही नाही. लिहायला हवं.)

हा ओपन अर्थात वेगळा. १८६० पासून चालत आलेली, गोल्फमधली सगळ्यात जुनी मोठी स्पर्धा. त्या वर्षी ती केंट परगण्यात, सँडविचच्या रॉयल सेंट जॉर्जेसवर होती. आणि इंग्लंडात १ मे १९६१ पासून पैज लावायची रीतसर दुकानं आहेत, न्हाव्याच्या आणि बेकरीच्या शेजारी. कुजबुजायचं काही कारणच नाही.

सहकाऱ्याने मला धडे दिले. टायगर वूड्सवर लावू नकोस, भाव फार कमी. खालची नावं बघ. एक पौंड 'जिंकेल' म्हणून लाव आणि एक पौंड 'पहिल्या पाचांत येईल' म्हणून. पाचांत आला तर भावाच्या चौथ्या हिश्श्याने पैसे मिळतात. म्हणजे एकाला शंभरचा भाव असेल, तर एका पौंडावर पंचवीस. गोल्फमध्ये असे लांबचे घोडे लागतात, कारण मैदानात दीडशेच्या वर खेळाडू, चार दिवस, बहात्तर होल, आणि वर समुद्राचा वारा. जगातला सर्वोत्तम खेळाडूसुद्धा बहुतेक आठवड्यांत हरतोच. घोड्यांच्या शर्यतीत दहा-बारा घोडे, इथे दीडशे.

मी यादीतून नावाचा उच्चार आवडला म्हणून एक गडी निवडला. दोन पौंड. शुक्रवारी संध्याकाळी कट लागला आणि माझा गडी घरी गेला.

रविवारी मात्र टीव्हीसमोरून हललो नाही. डेन्मार्कचा थॉमस ब्यॉर्न चार होल बाकी असताना तीन फटक्यांनी पुढे होता. सोळाव्या होलवर चेंडू बंकरमध्ये गेला. त्याने मारला, चेंडू वर चढला आणि घरंगळत परत त्याच्या पायाशी आला. पुन्हा मारला, पुन्हा परत! तिसऱ्यांदा बाहेर. आणि जिंकला कोण? ओहायोचा बेन कर्टिस. वय २६, जागतिक क्रमवारीत ३९६ वा, आयुष्यातली पहिलीच मोठी स्पर्धा. भाव एकाला तीनशे, काही ठिकाणी पाचशेसुद्धा.

सोमवारी ऑफिसात एकच चर्चा: हे आधी कसं ओळखता आलं असतं? मलाही तोच किडा चावला. वाचनालयात जाऊन गोल्फच्या इतिहासाची पुस्तकं काढून बसलो.

पेपरात आलं होतं की पहिल्याच मोठ्या स्पर्धेत जिंकणारा कर्टिस हा १९१३ नंतरचा पहिला. तेव्हाचा तो फ्रान्सिस विमेट. बॉस्टनजवळच्या ब्रुकलाइनचा वीस वर्षांचा हौशी पोरगा, खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरी. यूएस ओपनमध्ये समोर कोण, तर इंग्लंडहून आलेले हॅरी वॉर्डन आणि टेड रे. तिघांची बरोबरी झाली, आणि दुसऱ्या दिवशीच्या प्लेऑफमध्ये विमेट ७२, वॉर्डन ७७, रे ७८. त्याची पिशवी उचलायला दहा वर्षांचा एडी लोवरी! पण खरी गंमत पुढे आहे. विमेटचं घर त्या मैदानाच्या रस्त्यापलीकडे, सतराव्या होलसमोर होतं. लहानपणी तो तिथे कॅडी होता. आणि शेवटच्या फेरीत काय, प्लेऑफमध्ये काय, दोन्हीकडे त्याने तो सतरावा होल एक फटका वाचवून काढला.

मग १९९९ चा पॉल लॉरी सापडला. कार्नूस्टीचं ओपन. रविवारी सकाळी तो दहा फटके मागे होता, क्रमवारीत १५९ वा, पात्रता फेरी खेळून आत आलेला. फ्रान्सच्या व्हॅन द व्हेल्डला शेवटच्या होलवर सहा फटके चालले असते, त्याने सात घेतले. प्लेऑफ लॉरीने जिंकली. आणि हा लॉरी अ‍ॅबर्डीनचा, त्याच किनाऱ्यावर, त्याच वाऱ्यात वाढलेला.

झालं! मला सूत्र सापडलं. बुकी ज्याला बाहेरचा म्हणतो, तो त्या मातीला घरचा असतो. पुढच्या वर्षी जवळपासच्या गावाचा खेळाडू शोधायचा की बस्स.

फक्त कर्टिस त्यात बसेना. त्याने समुद्रकाठचं असलं मैदान कधी खेळलंच नव्हतं. दोन आठवड्यांपूर्वी अमेरिकेतल्या एका स्पर्धेत तेरावा आला, म्हणून जागा मिळाली. मग मी म्हटलं, हां, पण त्याने इथला इंग्लिश कॅडी घेतला होता ना! म्हणजे घरचा माणूस सोबत होताच की!

हे मनात म्हटलं आणि मला तात्या आठवले.

तात्यांच्या तरुणपणी आकडा न्यूयॉर्कहून यायचा. तिथल्या कापसाचे उघडते आणि बंद होतानाचे भाव तारेने मुंबईला येत, त्यावर लोक पैसे लावत. १९६० च्या दशकात ते बंद पडलं आणि मडक्यातून चिठ्ठ्या निघू लागल्या, म्हणून मटका. तात्यांची एक वही होती. आकडा फुटला की दुसऱ्या दिवशी सकाळी ते लिहून ठेवत: काल ह्या नंबरची बस दोनदा दिसली होती, स्वप्नात तीन बगळे आले होते, म्हणजे तिरी यायचीच होती. ते गेल्यावर ती वही मी पाहिली. पानंच्या पानं खुणा. सगळ्या बरोबर! लागलेल्या आकड्यांच्या खुणा तेवढ्या लिहिलेल्या, गेलेल्या पैशांची एक ओळ नाही.

मी वेगळं काय करत होतो? विमेट आणि लॉरी माझ्या वहीत आले कारण ते जिंकले. मैदानाशेजारी राहणारे, वारा ओळखणारे, आणि शुक्रवारी निमूट घरी गेलेले खेळाडू दर वर्षी असतात, त्यांची नावं कोण लिहून ठेवतं? एकाला तीनशे हा भाव म्हणजे भविष्य नव्हे, ती तिकिटाची किंमत. सगळ्या खेळाडूंच्या भावांची टक्क्यांत बेरीज केली तर ती शंभराच्या वर जाते, आणि वरचं ते दुकानदाराचं. लांबच्या भावांतही तो आपलं काढूनच ठेवतो. हे तात्यांना कुणी सांगितलं असतं तरी त्यांनी ऐकलं नसतं, कारण त्यांच्याकडे वही होती.

ह्याचा अर्थ विमेटची गोष्ट खोटी असा नाही. रोज ज्या मैदानातून शाळेत गेलो, तिथे जगातल्या दोन दिग्गजांना हरवणं, हे मला अजूनही वाचताना गहिवरून येतं. पण ती विमेटची कमाई. ती आधी ओळखल्याचं श्रेय नंतर कुणीही घेऊ नये, मी तर नाहीच.

मी पुन्हा पैसे लावले नाहीत. ओपन मात्र दर जुलैमध्ये बघतो. तात्यांची वही आता माझ्याकडे आहे. शेवटच्या कोऱ्या पानावर मी एकच नोंद केली आहे: जुलै २००३, दोन पौंड, गेले.