काजळीआडचा चेहरा

विनोदी नटाच्या तोंडाला रंग लागावा यात नवल नाही. बर्ट विल्यम्स यांच्या बाबतीत नवल होते ते हे, की कृष्णवर्णीय म्हणून जन्मलेल्या या माणसाला ‘काळा’ दिसण्यासाठी रोज तोंडाला काजळी फासावी लागे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत गोरे नट जाळलेल्या बुचाची काजळी चेहऱ्याला लावून, ओठ भडक रंगवून कृष्णवर्णीयांच्या नकला करीत. त्या ‘मिन्स्ट्रेल’ खेळांनी प्रेक्षकांच्या मनात एक चित्र इतके घट्ट बसवले होते की, खरा कृष्णवर्णीय नट रंगमंचावर आला तरी त्याने त्या नकलेचीच नक्कल करावी, अशी अपेक्षा असे. उजळ वर्णाच्या, उंचापुऱ्या, वाचनाचे वेड असलेल्या विल्यम्स यांना तर ही नक्कल मुळातून शिकावी लागली.

त्यांचा जन्म 1874 मध्ये बहामा बेटांतील नसाऊ येथे झाला. बालपणीच ते कुटुंबाबरोबर अमेरिकेत आले. 1893 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत त्यांना जॉर्ज वॉकर भेटले आणि एक जोडी जमली. गाणी, नाच, कसरती आणि नकला यांचे सुटे प्रवेश एकामागून एक सादर करणाऱ्या ‘व्हॉडव्हिल’च्या फडांत ही जोडी गाजू लागली. गोरे नट कृष्णवर्णीय असल्याचा आव आणतात, तर आपण निदान अस्सल तरी आहोत, असे त्यांनी आपल्या जाहिरातीतच छापले, आणि त्यासाठी शब्द वापरला तो गोऱ्यांनी कृष्णवर्णीयांना हिणवण्यासाठी रूढ केलेला. ही लाचारी होती की उपहास, हे ठरवणे सोपे नाही. बहुधा दोन्ही.

आरंभी हसवण्याचे काम वॉकर यांच्याकडे होते. पुढे भूमिका उलटल्या. वॉकर झाले भपकेबाज, बोलघेवडे छैलछबिले आणि विल्यम्स झाले दुर्दैवाने सतत पाठलाग केलेले, मंद पावलांचे साधेभोळे गृहस्थ. या बदलाची हकीकत विल्यम्स यांनी 1918 मधील एका लेखात सांगितली आहे. डेट्रॉइटच्या एका नाट्यगृहात त्यांनी एकदा केवळ गंमत म्हणून तोंडाला काजळी लावली, आणि गाणे अनपेक्षितपणे रंगले. स्वतःकडे दुसरा कोणी म्हणून पाहता येऊ लागले तेव्हाच आपल्याला विनोद सापडला, असे त्यांचे म्हणणे. त्यांच्या चाहत्यांना ही कबुली अडचणीची वाटते. जो मुखवटा समाजाने लादला, त्याच्याच आडोशाला कलावंत मोकळा झाला, ही गोष्ट पचायला जड आहे. पण ती टाळून विल्यम्स समजत नाहीत.

1903 मध्ये ‘इन दाहोमी’ ही संगीतिका ब्रॉडवेवर आली. लेखन, संगीत आणि अभिनय कृष्णवर्णीयांचाच असलेली एवढी मोठी नाट्यकृती तेथील प्रमुख नाट्यगृहात पूर्वी झाली नव्हती. नाटक त्यांचे, पण त्यांच्याच समाजातील प्रेक्षकांना बसायला मिळे ते वर गॅलरीत. त्याच वर्षी ही मंडळी लंडनला गेली आणि बकिंगहॅम राजवाड्यातही त्यांचा प्रयोग झाला. 1906 मध्ये विल्यम्स यांच्या ‘नोबडी’ या गाण्याची ध्वनिमुद्रिका निघाली. अर्धे बोलत, अर्धे सुस्कारे टाकत म्हटलेले ते गाणे इतके लोकप्रिय झाले की, ते म्हटल्याशिवाय प्रेक्षक त्यांना रंगमंचावरून जाऊ देईनात.

1909 मध्ये वॉकर आजारी पडले, 1911 च्या आरंभी निवर्तले. दरम्यान 1910 मध्ये झिगफेल्ड यांनी विल्यम्स यांना आपल्या ‘फॉलीज’मध्ये घेतले. गोऱ्या नटनट्यांच्या त्या झगमगत्या संचात ते एकटेच कृष्णवर्णीय. संचातील काहींनी सोडून जाण्याची धमकी दिली. झिगफेल्ड बधले नाहीत. बुकर टी. वॉशिंग्टन यांनी तर आपल्या समाजासाठी विल्यम्स यांनी आपल्यापेक्षा अधिक केले, असे म्हटले. हे औदार्य खरे. पण लोकांच्या मनात हसत शिरलेल्या या माणसाला हॉटेलात मात्र मागल्या बाजूच्या लिफ्टनेच शिरावे लागे. सहकारी डब्ल्यू. सी. फील्ड्स यांना ते पाहिलेल्या माणसांत सर्वांत विनोदी आणि ओळखीच्या माणसांत सर्वांत दुःखी वाटत.

त्यांचे सर्वांत मोठे बळ शब्दांत नव्हतेच. पत्त्यांचा एक डाव ते एकट्याने, एकही शब्द न उच्चारता खेळून दाखवीत. समोर ना पत्ते, ना भिडू. हातात चांगली पाने आल्याचा लपवलेला आनंद, मग शंका, मग सर्वस्व गेल्याची जाणीव, हे सारे डोळ्यांतून आणि बोटांतून उमटे. 1916 च्या ‘अ नॅचरल बॉर्न गॅम्बलर’ या छोट्या चित्रपटाच्या शेवटी, तुरुंगाच्या कोठडीत, हा डाव आजही पाहता येतो.

फेब्रुवारी 1922 मध्ये डेट्रॉइटमध्येच, प्रयोग चालू असताना, ते कोसळले. प्रेक्षकांना तो विनोदाचाच भाग वाटला आणि ते हसले, असे सांगतात. 4 मार्च रोजी न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांचा एक चित्रपट मात्र कोणी पाहिलाच नव्हता. 1913 मध्ये चित्रित होऊन अपुराच राहिलेल्या या चित्रपटाची रिळे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात पडून होती. ती जुळवून 2014 मध्ये प्रथम दाखवण्यात आली. त्यात एक मोठा कृष्णवर्णीय नटसंच आहे, नेटक्या पोशाखातला, नाचणारा, मेरी-गो-राउंडवर बसून हिंडणारा. त्या साऱ्यांचे चेहरे त्यांचे स्वतःचे आहेत. काजळी आहे ती एकट्या विल्यम्स यांच्या तोंडाला. आणि ती लावूनच ते आपल्या प्रेयसीचे चुंबन घेतात, अगदी मनापासून, विनोदाचा लवलेश न ठेवता.