बियाणे बँक म्हणजे काय? ताटातल्या भाजीशी तिचा संबंध राहीबाई पोपेरेंच्या गावातून समजून घ्या

बँक म्हटलं की आपल्याला पैसे आठवतात. पण अहिल्यानगर (पूर्वीचं अहमदनगर) जिल्ह्यातल्या कोंभाळणे गावात अशी एक बँक आहे, जिथे वाल, घेवडा, भात आणि नाचणी ठेव म्हणून ठेवली जाते आणि कर्जही त्याचंच मिळतं. ही बँक उभी करणाऱ्या राहीबाई सोमा पोपेरे कधी शाळेत गेल्या नाहीत. २०२० मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. 'बीजमाता' म्हणून त्यांचे फोटो आणि व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. पण बियाणं जपल्याने गावातल्या मुलाच्या ताटात नेमका काय फरक पडतो?

कोण आहेत राहीबाई?

कोंभाळणे हे गाव अकोले तालुक्यात आहे. (विदर्भातलं अकोला वेगळं.) राज्यातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई आणि भंडारदरा धरण याच तालुक्यात आहे. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यात पावसाळ्यात धो धो पाऊस पडतो, पण तो उतारावरून वाहून जातो. त्यामुळे चार महिन्यांनंतर अनेक कुटुंबं मजुरीसाठी बाहेर पडतात.

राहीबाई महादेव कोळी समाजातल्या. त्यांनीही मजुरी केली. नातू आजारी पडला, तेव्हा बाजारातल्या फवारणीच्या भाजीमुळे असं झालं असावं, असं त्यांना वाटलं. ते खरंच त्यामुळे झालं का, हा वेगळा प्रश्न. पण तिथून त्यांनी घरापुरती भाजी घरच्या बियाण्यातून पिकवायला आणि जुनी बियाणी शोधून जपायला सुरुवात केली. पुढे बायफ संस्थेची साथ मिळाली. मणिभाई देसाई यांनी १९६७ मध्ये उरुळी कांचन इथे सुरू केलेली ही संस्था. त्यातून कळसूबाई परिसर बियाणे संवर्धन समिती उभी राहिली आणि एका घरातलं काम आजूबाजूच्या गावांत पोहोचलं. २०१८ मध्ये बीबीसीच्या जगभरातल्या १०० महिलांच्या यादीत राहीबाईंचं नाव आलं.

बियाणे बँक चालते कशी?

• निवड : पिकातली निरोगी, जोमदार झाडं आधीच हेरून ठेवतात. त्यांच्या शेंगा किंवा कणसं खायला न तोडता बियाण्यासाठी राखतात.
• साठवण : बी उन्हात नीट वाळवतात. मडक्यात, कणगीत किंवा डब्यात ठेवताना त्यात राख किंवा कडुनिंबाचा पाला घालतात, म्हणजे कीड लागत नाही.
• वाटप : पेरणीआधी शेतकऱ्याला मूठ-दोन मूठ बी मिळतं. पैसे द्यायचे नाहीत, पीक आल्यावर बी परत करायचं. बहुतेक ठिकाणी जेवढं नेलं त्याच्या दुप्पट परत करण्याची रीत असते. त्यातूनच बँक वाढते.
• दरवर्षी पेरणी : बी कायम जिवंत राहत नाही. दोन-चार वर्षं पेरलंच नाही तर उगवण कमी होत जाते. म्हणून प्रत्येक वाण कुणाच्या ना कुणाच्या शेतात असावा लागतो.

नॉर्वेतल्या स्वालबार्डमध्ये २००८ पासून जगभरातली बियाणी बर्फाळ डोंगराच्या आत साठवली जात आहेत. ती संकटासाठीची तिजोरी आहे. गावातली बँक रोजच्या वापराची आहे. इथलं बी दरवर्षी इथल्याच पावसात आणि मातीत उगवतं.

विकतचं बियाणं का चालत नाही?

चालतं. संकरित म्हणजे हायब्रीड वाण अनेकदा जास्त उत्पादन देतात आणि विक्रीसाठी शेती करणाऱ्याला ते परवडतात. पण त्याच पिकातलं बी पुढच्या वर्षी पेरलं तर सगळी झाडं सारखी येत नाहीत आणि उत्पादनही घटतं. म्हणजे दर हंगामाला दुकानात जाणं आलं. हातात पैसे नसतील तर आधी भाजीचं बियाणं वगळलं जातं, कारण भाजी घरी खायची असते, विकायची नसते. तिथूनच ताट रिकामं होऊ लागतं.

बियाणं जपणं आणि देणं-घेणं कायदेशीर आहे का, असाही प्रश्न विचारला जातो. आहे. २००१ च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानुसार शेतकरी आपलं बियाणं साठवू शकतो, पेरू शकतो, वाटू शकतो आणि विकूही शकतो. फक्त संरक्षित वाणाचं बी ब्रँडच्या नावाने विकता येत नाही.

याचा पोषणाशी काय संबंध?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात पाच वर्षांखालच्या ३५.२ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे. ६ ते ५९ महिन्यांच्या ६८.९ टक्के मुलांमध्ये रक्तक्षय आहे. यामागे आजारपण, अस्वच्छ पाणी, आईचं आरोग्य अशी अनेक कारणं आहेत. पण एक कारण ताटातच असतं. पोट भरतं, पण रोज तेच भात-भाकरी.

परसबागेचं काम इथे सुरू होतं. घराजवळच्या छोट्या तुकड्यात, भांडी धुतलेल्या पाण्यावरही पावसाळ्यात दोडका, कारलं, काकडी आणि भोपळा येतो. थंडीत वाल, घेवडा आणि मेथी. पिकलेला लाल भोपळा पुढे महिनोन्‌महिने टिकतो, वाळवलेला वाल उन्हाळ्यात कडधान्य म्हणून कामी येतो. शेतात नाचणी असेल तर १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळतं. तांदळात ते १० मिलिग्रॅमच्या आसपास असतं.

म्हणजे 'देशी' असल्यामुळे एखादी भाजी आपोआप जास्त पौष्टिक होते, असं नाही. खरा फायदा हा की पैसे नसतानाही ताटात वेगवेगळे पदार्थ येतात.

जामखेडने आधी काय दाखवलं होतं?

बाहेरून मदत आणण्यापेक्षा गावातल्याच बाईच्या हातात काम द्यायचं, हे या जिल्ह्याला नवीन नाही. जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, दुष्काळी जामखेडमध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातल्याच, अनेकदा निरक्षर असलेल्या महिलांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केलं. बाळाचं वजन करणं, वरचं अन्न कधी आणि काय द्यायचं हे घरोघरी समजावणं, ही कामं त्या करू लागल्या. १९७९ मध्ये आरोळे दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

मर्यादा कोणत्या?

एकट्या बियाणे बँकेने कुपोषण संपत नाही. अंगणवाडी, रेशन, दवाखाना आणि पिण्याचं पाणी लागतंच. शिवाय मोठा धोका पुढच्या पिढीचा आहे. कोणता वाल कधी पेरायचा, कुठलं बी कसं राखायचं, हे ज्ञान बहुतेक वेळा वयस्कर बायकांच्या डोक्यात असतं. घरातली तरुण मंडळी शहरात गेली आणि ते कुणी शिकून घेतलंच नाही, तर मडक्यातलं बी दोन-चार वर्षांत मरतं. मग ते कुठल्याच दुकानात विकत मिळत नाही.

म्हणून सुट्टीत गावी गेलात तर आजीच्या फडताळातली पुरचुंडी उघडून बघा. बी कसलं, कधी पेरायचं, कसं राखायचं हे विचारून लिहून घ्या. आणि त्यातलं मूठभर यंदा पेरा.