माळवद, सिमेंट आणि सभागृह

मराठवाड्यातल्या पालमसारख्या तालुक्याच्या गावी सरकारी इमारतींना हमखास एकच नाव ठेवले जाते: सिमेंटचे ठोकळे, इथल्या मातीशी नाते नसलेले. आरोप ऐकायला बरा, पण इतिहासाला धरून नाही. सपाट छप्पर मराठवाड्याला परके नव्हतेच. इथली जुनी घरे माळवदाची. लाकडी तुळया, त्यावर फळ्या किंवा काटक्या, वर पांढऱ्या मातीचा जाड थर आणि पावसाचे पाणी काढून द्यायला पन्हाळ. वैशाखातले ऊन त्या मातीतच अडायचे, खाली गारवा राहायचा. सिमेंटने सपाटपणा ठेवला, जाडी घालवली. तेव्हा दोष आधुनिकतेचा नाही, ती अर्धीमुर्धी उचलण्याचा आहे.

सरकारी इमारतींच्या या साधेपणाला राजकीय अर्थही होता. निजामी राजवटीत गावचा कारभार चावडीवर चाले. कोण बैठकीवर बसणार आणि कोण पायरीखाली उभे राहणार, हे जात ठरवी. सप्टेंबर १९४८ मध्ये ती राजवट संपली. १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. वसंतराव नाईक समितीच्या अहवालानंतर १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा, पंचायत समित्या सुरू झाल्या. निवडून आलेल्या सभासदांना कमी पैशांत आणि लवकर जागा हवी होती. मुंबईत १९५५ साली उभ्या राहिलेल्या सचिवालयानेही कमानी-घुमटांचा थाट टाकून दिलाच होता. गढीच्या बुरुजाची किंवा देवडीची आठवण न देणारी भिंत नव्या कारभाराला शोभणारीच होती.

यावर कोणी म्हणेल, चावडी निदान उघडी होती. आजच्या कचेरीत माणूस एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीवर फिरतो. दुसरा भाग खरा आहे. पहिला मात्र ज्यांना चावडीवर चढता येत होते त्यांच्यापुरताच खरा. दुसरा आक्षेप पैशांचा: लहान गावाला चांगली वास्तू परवडत नाही. फिनलंडमधल्या सायनात्सालो या सुमारे तीन हजार वस्तीच्या गावाने १९५२ साली वास्तुकार आल्वार आल्टोकडून नगरभवन बांधून घेतले. बांधकाम विटांचे, मध्ये उंचावरचे अंगण, सोबत वाचनालय आणि दुकाने, पण सभागृहाची उंची सुमारे १७ मीटर. खर्चाची कुरकूर तिथेही झाली. सिएनाच्या नगरभवनाचे सभागृह १६ मीटर उंच आहे, मग आपले १७ का नको, असा आल्टोचा युक्तिवाद सांगतात. फिनलंड श्रीमंत होता म्हणून हे जमले, असेही नाही. तो देश तेव्हा युद्धातून नुकता सावरत होता. त्या गावाने सभेच्या जागेला पहिला मान दिला. आपल्याकडे मात्र आधी साहेबांची दालने आखली जातात आणि उरलेल्या जागेत सभागृह बसवले जाते.

पालमला आता नगरपंचायत आहे. तिच्या पुढच्या इमारतीच्या नकाशात पहिली रेघ सभागृहाची असावी, लोकांना थांबायला सावलीची ओसरी असावी आणि छपराला माळवदाची जाडी परत मिळावी. शिखर नसले तरी चालेल.