पोलादाची भुकटी आणि नांगरांचे गाव

सन १६७६. स्वीडनमधील सोडरफोर्स या गावी जहाजांचे नांगर घडवणारा कारखाना उभा राहिला. सुमारे तीन शतकांनंतर त्याच गावात पोलादाची भुकटी होऊ लागली, तीही पोलाद अधिक चिवट व्हावे म्हणून!

मूळ अडचण हायस्पीड स्टीलची होती. अमेरिकेतील बेथलेहेम येथे फ्रेडरिक टेलर आणि मॉन्सेल व्हाइट यांनी विकसित केलेल्या या पोलादाने १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात यंत्रज्ञांना चकित केले. लालबुंद तापूनही त्याची धार टिकत असे. हे सामर्थ्य टंगस्टनसारख्या धातूंच्या कठीण कार्बाइडांचे. पण मोठा ओतीव ठोकळा सावकाश थंड होतो. तेवढ्या अवधीत कार्बाइडे जाळ्यासारखी साचतात, ठोककामात त्यांचे पट्टे बनतात आणि पुढे हत्याराला तडा जातो तो बहुधा या पट्ट्यांतूनच.

ठोकळ्याऐवजी थेंब थिजवला तर? थेंब क्षणार्धात गोठतो, कार्बाइडांना साचायला सवडच मिळत नाही. मात्र असे असंख्य कण न वितळवता, एकही पोकळी न ठेवता जोडायचे कसे, हा खरा प्रश्न होता.

त्याचे उत्तर भलत्याच क्षेत्रांतून आले. १९५५ मध्ये ओहायोतील बॅटेल संस्थेचे संशोधक अणुइंधनावर झिर्कोनियम मिश्रधातूचे वेष्टन घट्ट बसवू पाहत होते. त्यांनी तापलेल्या निष्क्रिय वायूचा दाब चहूबाजूंनी सारखाच दिला. तिकडे स्वीडनच्या आसिआ कंपनीने ‘क्विंटस’ या गुप्त प्रकल्पात फेब्रुवारी १९५३ मध्येच कृत्रिम हिरे बनवले होते. कंपनी गप्प राहिली. १९५५ मध्ये अमेरिकेच्या जनरल इलेक्ट्रिकने आपले हिरे जाहीर केले आणि श्रेय तिकडे गेले. आसिआच्या हाती उरली ती अफाट दाब पेलणारी यंत्रे बांधण्याची विद्या. क्विंटस हे नावही पुढे तिच्या दाबयंत्रांनाच मिळाले.

ही विद्या पोलादाच्या कामी आली. आसिआ आणि फालूनच्या तांब्याच्या खाणीतून वाढलेली स्टोरा कोपरबेर्ग यांनी मिळून १९७० च्या सुमारास नवी पद्धत उत्पादनात आणली. वितळलेल्या पोलादाच्या धारेवर नायट्रोजनचे झोत सोडून तिचे थेंब करायचे. ती भुकटी पत्र्याच्या डब्यात भरायची, आतली हवा काढून डबा बंद करायचा आणि सुमारे ११५० अंश सेल्सिअस तापमानात १००० बार, म्हणजे वातावरणाच्या जवळजवळ हजारपट, दाबाखाली ठेवायचा. डबा आक्रसतो, कण एकजीव होतात. या ठोकळ्यात कार्बाइडे अवघ्या काही मायक्रॉनची आणि सर्वत्र सारखी विखुरलेली असतात. अमेरिकेत क्रूसिबल कंपनीही त्याच काळात अशाच वाटेने निघाली होती.

हे पोलाद महाग पडते. म्हणून साध्या ड्रिलसाठी सहसा जुनेच चालते. भुकटीचे पोलाद गिअर कापणारे हॉब आणि ब्रोच यांना लागते, जिथे एक दाता तुटला की महागडे हत्यार वाया जाते आणि यंत्रही खोळंबते.