दहा वर्षं नोकरी, मग टपालाने नर्सिंग

जपानी हॉस्पिटलात पेशंट सरसकट 'कांगोशी-सान' अशी हाक मारतात, आपल्याकडच्या 'सिस्टर'सारखी. पण कायद्यात त्यांचे दोन दर्जे आहेत: कांगोशी म्हणजे पूर्ण नर्स आणि जुन-कांगोशी म्हणजे सहायक नर्स. पहिलीला परवाना देतात देशाचे आरोग्यमंत्री, दुसरीला प्रांताचे गव्हर्नर. जुन-कांगोशीने डॉक्टर, डेंटिस्ट किंवा नर्सच्या सूचनेनेच काम करायचं असा नियम आहे. रात्रपाळी मात्र दोघींनाही चुकत नाही.

हा दुसरा दर्जा आला 1951 साली. युद्धानंतर नर्सेसचा तुटवडा होता आणि हायस्कूलला जाणाऱ्या मुली निम्म्याहून कमी. म्हणून नऊ वर्षांच्या शाळेनंतर दोन वर्षांचं प्रशिक्षण पुरेसं मानलं गेलं. पुढे जवळपास सगळ्याच मुली हायस्कूलला जाऊ लागल्या, तरी दर्जा राहिलाच. 1996 मध्ये सरकारी समितीने दोन्ही प्रशिक्षणं एक करण्याकडे जावं, असं सुचवलं. नर्सेसच्या संघटनेला ते हवंच होतं. विरोध डॉक्टरांच्या संघटनेचा, आणि सहायक नर्सेसच्या कितीतरी शाळा चालवतात स्थानिक डॉक्टर-संघटनाच! यात काय ते समजून घ्या.

मग आधीच कामावर असलेल्यांचं काय? पूर्ण नर्स व्हायला दोन-तीन वर्षांचा वर्ग होता, पण घर, मुलं, पगार सांभाळून तिथे जाणार कोण? 2004 साली दोन वर्षांचा दूरशिक्षण अभ्यासक्रम निघाला. अट अशी, की दहा वर्षांचा अनुभव हवा. घरी छापील पुस्तकं, टपालाने जाणारे रिपोर्ट, शिवाय 1985 पासून टीव्ही-रेडिओवर शिकवणाऱ्या ओपन युनिव्हर्सिटीचे विषय. (आपलं 'इग्नू'ही 1985 चंच.)

नर्सिंग टपालाने कसं शिकवणार, ही शंका तुम्हालाही आली असेल. उत्तर त्या दहा वर्षांत आहे. वॉर्डातल्या लांबलचक प्रॅक्टिकलऐवजी इथे कागदावरच्या केसेस सोडवायच्या, हॉस्पिटलात निरीक्षणाला जायचं, काही दिवस वर्गात बसायचं. शेवटी राष्ट्रीय परीक्षा सगळ्यांना एकच.

म्हणजे या बायकांना काम येतं, हे सरकारने यातून मान्यच केलं. माझ्या मते अडचण तिथेच आहे. येत होतं, तर दहा वर्षं त्यांना खालच्या दर्जावर का ठेवलं? 2018 मध्ये अट सात वर्षांवर आणली. सहायक नर्सेसच्या शाळांची संख्या घटली आहे, पण त्या अजून बंद झालेल्या नाहीत.