चपलेच्या गावात गार्डचा बूट

संशोधनाचा विषय शोधताय? मग एकदा कोल्हापूरच्या चप्पल लाईनमधून चक्कर मारा. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेलं चामडं, खिळ्याशिवाय चामड्याच्याच वादीनं घातलेली शिलाई. 2019 मध्ये या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकच्या चार जिल्ह्यांना मिळून. पादत्राणाची एवढी जाण असलेल्या गावातला बास्केटबॉल खेळणारा पोरगा मात्र विचारतो, ‘गार्डला चालेल असा स्वस्तातला बूट कुठला?’

प्रश्न दुकानातला वाटतो, पण त्याच्या पोटात बराच इतिहास आहे. कोल्हापुरी चालण्यासाठी घडली. टाच मोकळी, पकड अंगठ्याला आणि पट्ट्याला. गार्ड धावता धावता थांबतो, आडवा वळतो. त्याला घट्ट टाच आणि रबरी तळ लागतो. रबर गंधक घालून पक्कं करण्याचं पेटंट गुडइयरनं 1844 मध्ये घेतलं, बास्केटबॉल जन्मला 1891 मध्ये, आणि 1917 मध्ये कॉन्व्हर्सचा ऑल स्टार आला: वर कापड, खाली रबर, घोट्यापर्यंत उंच.

ही उंची बघा. उंच बूट घोटा वाचवतो, असं सगळे धरूनच चालले. 1973 मध्ये प्यूमानं वॉल्ट फ्रेझियर या गार्डच्या नावानं बुटका ‘क्लाइड’ काढला. उंच आणि बुटक्या बुटांची तुलना करणारी एक चांगली चाचणी 1993 ची: कॉलेजातले 622 खेळाडू, चिठ्ठ्या टाकल्यासारखी गटवाटणी. मुरगळण्यात ठळक फरक दिसला नाही. म्हणजे पुरावा हाती येण्याच्या वीस वर्षं आधीच बुटका बूट मैदानात होता! तुमच्या विषयातही कोण आधी बदललं, खेळाडू, कंपनी की डॉक्टर, हे तारखा लावून तपासा.

आता किमतीचं. 2006 मध्ये स्टीफन मार्बरी या चपळ गार्डनं 14.98 डॉलरचा ‘स्टारबरी’ बाजारात आणला आणि एनबीएच्या सामन्यात स्वतः घालून खेळला. नावाजलेल्या खेळाडूंचे बूट तेव्हा शंभर डॉलरच्या पुढे जात. बूट विकणारी दुकानसाखळी 2008 मध्ये दिवाळखोरीत गेली. ‘बघा, स्वस्त बूट चालला नाही’ असं लिहायचा मोह होतो. पण बुडाली ती अख्खी साखळी. तेवढ्यावरून बुटाबद्दल निकाल देता येत नाही.

तिसरी गोष्ट जमिनीची, आणि मला हीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. राजाराम कॉलेजचे खाशाबा जाधव मातीत घडले. 1948 ला लंडनमध्ये मॅटवर सहावे आले, 1952 ला हेलसिंकीत कांस्य. पैलवानाला पायाखालचं बदललं की डावही नव्यानं बसवावा लागतो. बुटाचंही तसंच. बरेचसे भारी बूट लाकडी कोर्ट डोळ्यांसमोर ठेवून बनतात. मऊ रबर तिथं छान पकडतं, सिमेंटवर भराभर झिजतं. आपल्याकडची पोरं बहुतेक सिमेंटवर खेळतात.

म्हणून गार्डसाठी माझं मत असं: तळाचं रबर जाड, खाचा खोल, टाच न घसरणारी, उंची कमी असली तरी चालेल. संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, खेळायचे मोजे घालूनच घालून बघा. आणि किंमत महिन्यांनी भागा. दोन हजारांचा बूट चार महिने टिकला तर महिना पाचशे. तीन हजारांचा दहा महिने टिकला तर तीनशे.

हाच भागाकार जुन्या काळासाठी करायचा तर किंमत दुकानाच्या वहीत सापडेल, पण बूट किती टिकला ते तिथं नसतं. त्यासाठी तळ बदलून देणाऱ्या जुन्या कारागिरांकडे बसा. कुठला भाग आधी फाटून यायचा, तेवढं विचारा आणि ऐकत राहा.