मेलिऑइडोसिस

मेलिऑइडोसिस : बर्कहोल्डेरिया स्यूडोमॅलाय या जिवाणूचा संसर्ग. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात राहणारा हा जिवाणू जखमेतून, श्वासातून किंवा दूषित पाण्यातून शरीरात शिरतो. सुमारे निम्म्या रुग्णांत न्यूमोनिया हेच त्याचे मुख्य रूप असते. व्हिटमोर आणि कृष्णस्वामी यांनी १९१२ मध्ये रंगूनच्या रुग्णांवरून रोगाचे पहिले वर्णन प्रसिद्ध केले. भारतातली पहिली नोंद १९९१ ची, मुंबईतल्या एका लहान मुलाची. पुढे बरेचसे रुग्ण मणिपाल, मंगळूर आणि वेल्लोर इथे सापडले. तिथले डॉक्टर हा रोग मुद्दाम शोधत होते, हेही त्याचे एक कारण.

ठाण्याजवळच्या शीळफाटा-खिडकाळी पट्ट्यात पावसाळ्यात भातखाचरेही भरतात आणि बांधकामाचे खड्डेही. अशा चिखलात राबणारा मधुमेही माणूस ताप, खोकला आणि उतरलेले वजन घेऊन दवाखान्यात आला, की पहिला संशय क्षयाचा येतो, आणि आपल्याकडे तो रास्तच आहे. एक्स-रेत फुप्फुसाच्या वरच्या भागात पोकळी दिसली तर तो बळावतो. मात्र बेडक्यात क्षयजंतू नाहीत, सीबीनॅट ही क्षयाची जनुकीय तपासणीही निगेटिव्ह, तरी एकेटी (क्षयाची औषधे) चालूच ठेवली, तर ते जिवावर बेतू शकते.

निदानाचा आधार कल्चर हाच. रक्त, बेडका, लघवी आणि गळवातला पू, सगळेच तपासायला पाठवावे. यकृत-प्लीहेतील गळवांसाठी सोनोग्राफी करावी. सूक्ष्मदर्शकाखाली जिवाणूची दोन्ही टोके गडद रंगतात आणि मधला भाग फिका राहतो, जणू सेफ्टी पिन. प्लेटवरच्या वसाहती पहिल्या दिवशी साध्या दिसतात. कोरड्या, सुरकुतलेल्या होतात त्या दोन-चार दिवसांनी. तोवर ‘कंटॅमिनेशन’ असा शेरा मारून प्लेट टाकून दिली, तर रोग हातचा निसटतो. जेंटामायसिन आणि कोलिस्टिन या दोघांनाही न जुमानणारा, पण को-अमॉक्सिक्लॅव्हने मरणारा ऑक्सिडेज-पॉझिटिव्ह जिवाणू दिसला, तर तो हाच समजून पुढची तपासणी करावी. डॉक्टरने आपला संशय फॉर्मवर लिहून प्रयोगशाळेला आधीच कळवणे फार मोलाचे.

उपचार दोन टप्प्यांत होतात. आधी शिरेतून सेफ्टाझिडीम, प्रकृती गंभीर असल्यास मेरोपेनेम, किमान दोन आठवडे. गळवे असतील तर चार किंवा अधिक. थायलंडमधल्या, १९८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सेफ्टाझिडीममुळे गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण ७४ टक्क्यांवरून ३७ टक्क्यांवर आले. शिरेतल्या औषधानंतर को-ट्रायमॉक्साझोलच्या गोळ्या किमान तीन महिने. त्या काळात मूत्रपिंड आणि पोटॅशियमची तपासणी, आणि साखर ताब्यात. बरे वाटले म्हणून गोळ्या मध्येच सोडणाऱ्या रुग्णांत रोग उलटतो.